बायकोच्या मापाचं टेबल

माय, मी शिवणाचं टेबल करून घेतलं आहे. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "काहून? भुई सरली का?" भुई नाही सरली, गुडघे सरले. तुझ्यासारखा एक पाय पसरून, एक दुमडून दिवसभर खाली बसणं आता माझ्याच्यानं होत नाही. आणि मी हातानं नाही, मशीनवर शिवतो. गोधड्या शिवतो. तुझा मुलगा, कचेरीतून हारतुरे घेऊन निवृत्त झालेला, ज्याला अमरावतीच्या या कॉलनीत लोक अजून साहेब म्हणतात, तो घरात बसून गोधड्या शिवतो. हे वाक्य मी आजवर कुणापुढे तोंडानं उच्चारलेलं नाही. बायकोला माहीत आहे, ते एका घरात राहतो म्हणून. तुला सांगतो आहे कारण तू आता कुणाला सांगायला जाणार नाहीस.

सुरुवात तुझ्या लुगड्यांपासून झाली. तू गेल्यावर ती अकोटच्या घरून मी ट्रंकेत घालून आणली आणि पलंगाखाली सारली. निवृत्तीनंतर रिकामा माणूस काय करतो? ट्रंका उघडतो. लेकीला दिवस गेले होते, आणि तुझं ते मातकट हिरवं लुगडं धुऊन धुऊन असं मऊ झालेलं की हाताला लागतच नव्हतं. मनात आलं, पणतवंडाच्या अंगाखाली हेच पाहिजे. बायकोला म्हटलं, शिव. ती म्हणाली, "मला साधं बटण लावता येत नाही, तुम्हाला लग्नापासून माहीत आहे." खरं आहे. मग मशीन आणलं, मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, आणि एक दिवस टाका सरळ पडला. काय सांगू माय, नोकरीतल्या कुठल्याच बढतीनं इतका आनंद झाला नव्हता.

पण गोधडी जड असते. जेवणाच्या टेबलावर मशीन ठेवलं की त्याचा पाट टेबलापेक्षा चार बोटं उंच, आणि मग गोधडीचं सगळं ओझं कडेवरून खाली लोंबतं, सुईला ओढतं, टाका वाकडा जातो. व्हिडिओतल्या बायकांच्या टेबलाला खाच असते. मशीन त्या खाचेत उतरतं, त्याचा पाट आणि टेबलाचा पृष्ठभाग एका पातळीत येतो, आणि गोधडी अशी पसरून राहते जशी तुझी जमिनीवर राहायची. तू चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाण्याचा पितळी गुंड आणि दोन विटा ठेवायचीस, आठवतं? ते सगळं त्या एका खाचेत आलं, असं समज.

तसं टेबल बघायला मी अकोल्याला गेलो. अमरावतीत दुकानं नाहीत का? ढीगभर आहेत. पण प्रत्येक दुकानात कुणीतरी ओळखीचं निघतं. अकोल्यात एका दुकानात हवं तसंच मिळालं. उघडं, ऐसपैस, मागच्या बाजूला एक फळी उचलून लावली की गोधडी मागेही पडत नाही. मी खुर्ची ओढून बसलो. गुडघे आरामात आत गेले, कोपर बरोबर फळीवर टेकलं. दुकानदार म्हणाला, "मॅडमसाठी का, साहेब?" आणि मी बसल्या जागेवरून उठत म्हणालो, "हो, मॅडमसाठी." मग एकदा खोटं बोललो म्हटल्यावर पुढचंही बोललो, की मॅडमला उघडं टेबल आवडत नाही, बंद होणारं हवं. खरं तर मला हवं होतं. आल्यागेल्याला दिसू नये. झाकण लावलं की कपाट वाटावं, वर फुलदाणी ठेवता यावी. तसं काही त्याच्याकडे नव्हतं. परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत स्वतःला शिव्या घालत होतो, आणि त्यानंतर झोपलो.

मग इथलाच सुतार घरी बोलावला. टेबल मागच्या खोलीत बसवायचं, खाली दारं, वर झाकण, मशीन आत उतरवायला फळी, सगळं मी समजावलं. त्यानं टेप काढला आणि विचारलं, "बसणार कोण? त्याच्या कोपरापासून माप घ्या लागते." माय, मी बायकोकडे बोट दाखवलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग खुर्चीवर बसली, आणि सुतारानं तिच्या कोपराचं, तिच्या गुडघ्याचं माप घेतलं. ती माझ्या खांद्यालाही लागत नाही, तुला ठाऊक आहे. तू तर लग्नात म्हणाली होतीस, "जोडा चांगला हाये, फक्त फोटो बसून काढा." तर टेबल झालं, सुंदर झालं, आणि माझ्या मांड्या त्याच्या खणाला घासतात. मान वाकवून शिवावं लागतं. संध्याकाळी मान धरली की बायको बाम आणून समोर ठेवते आणि म्हणते, "मॅडमला लावू का?" हसते, पण पहिल्यासारखी नाही.

आता लहानपणीच्या त्या दिवसाचं सांगतो ज्या दिवशी मामा आले होते. तू वाकळ पसरून बसली आहेस, चुलीवर वरण रटरटतंय, आणि मी शेजारी मांडी घालून सुया ओवून देतोय. मी ओवून देता देता तू एक कोपरा माझ्याकडे सरकवतेस. मामा दारातून म्हणतात, "हे का वं? पोट्टं बायकाईच्या कामात बसून रायलं." मी पटकन सुई मांडीखाली दडवतो आणि ती कचकन टोचते. तू मामांना म्हणतेस, "वाकळीले काय समजते, हात बाईचा हाये का माणसाचा?" आणि मामा आत गेल्यावर माझ्याकडे बघून, "टोचली न? लपवशीन तं टोचीनच. काढ भाईर." मी सुई काढतो. तू रक्त पुसत नाहीस, कोपरा परत पुढे सरकवतेस.

आणि त्याच दिवशी मी पहिल्यांदा घास पाहिला. शेवटची कडा बंद करायच्या आधी तू शिंकाळ्यातली भाकरी काढलीस, नखाएवढा तुकडा मोडलास, त्याला हळदीचं बोट लावलंस आणि कपड्याच्या घडीत गुंडाळून वाकळीच्या आत सरकवलास. म्हणालीस, उपाशी वाकळ अंगावर घेऊ नये, ती माणसाची ऊब खाते. मी त्यावर विश्वास ठेवत नाही. पण नातवाच्या गोधडीत मी घास भरवला. ज्वारीची भाकरी, हळद, तुझ्याच लुगड्याच्या चिंधीत घडी घालून. मागच्या खोलीत, एकटाच, आणि डोळे पाणावले होते हेही सांगून टाकतो.

बारशाला गोधडी हातोहात फिरली, बायकोनं शिवली म्हणून. "इहीनबाई, काय हात हाये तुमचा!" लेकीची सासू तेल्हाऱ्याची, शेतकरी घरातली, पोटात एक अन् ओठात एक असं नसलेली बाई. माझी बायको माझ्याकडे बघायची आणि मी पाळण्याकडे बघायचो. तेव्हा मला लाजेबरोबर गुदगुल्याही होत होत्या, खोटं कशाला बोलू. वाटलं, चाललंय ते ठीक चाललंय.

गेल्या रविवारी विहीणबाई आल्या. त्यांना शिकायचं होतं. "दाखवा न मले, कायच्यावर शिवता." बायको त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेली. मी पुढच्या खोलीत पेपर धरून बसलो, कान मागे. झाकणाची कडी कुठून उघडते तेही बिचारीला माहीत नाही. खडखड ऐकू आली, मग तिचा आवाज, "मशीन जरा अडकलंय, दुरुस्तीला द्यायचंय." विहीणबाई म्हणाल्या, "राहू द्या. घास कायचा भरवला होता तुमी? आमच्याकडे बाजरीचा भरवतेत."

"कसला घास?" बायको म्हणाली.

"अवं माय! घास नाई भरवला? अन् आमी लेकराले त्याच गोधडीवर झोपवून रायलो?"

"आमच्याकडे नाही करत तसलं काही."

एक वाक्य हवं होतं, माय. खुर्चीतून उठायचीही गरज नव्हती. भरवला आहे, मीच शिवली, मीच भरवला. पुढच्या खोलीतून नुसतं ओरडलो असतो तरी चाललं असतं. मी बियाण्याची जाहिरात वाचत राहिलो. मला शेतही नाही आता. विहीणबाई चहा न घेता निघाल्या. बायकोनं कप विसळले, माझाही, भरलेला होता तो ओतून. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन. "बाबा, सासूबाईंनी घास भरवायला कडा उसवली, तर आत आधीच भाकरीचा तुकडा होता. हळद लावलेला. त्या म्हणतात, इहीनबाई खोटं काहून बोलल्या मग? आईला तर हे ठाऊकच नाही. बाबा, तो कुणी टाकला?"

मी म्हणालो, "पडला असेल."

पडला असेल! हळद लावून, चिंधीत घडी घालून, पाच थरांच्या आत भाकरी पडली असेल! तुझी लुगडी कुणी ट्रंकेतून काढली हे त्या पोरीला ठाऊक आहे, माय. लहानपणी तुझ्या मांडीवर बसून तिनं माझ्या बोटांच्या गोष्टी ऐकल्या आहेत, मी कोपरा किती सरळ शिवायचो ते. ती म्हणाली, "बरं बाबा." त्या "बरं"नंतर मला जेवण गेलं नाही. माझ्यामुळे माझी बायको व्याह्यांच्या घरात खोटारडी ठरली, आणि ती तर त्या दिवशी एकच गोष्ट खरी बोलली होती, की तिला घास माहीत नाही. मला माझी लाज वाटते. गोधडी शिवण्याची नाही, ती कधीच नव्हती असं आता वाटतं. लपण्याची वाटते.

काल जावई गोधडी परत देऊन गेले, पिशवीत घालून. एका बाजूनं उसवलेली. सासूबाईंचा निरोप होता, "ज्यायनं भरवला त्यायच्याच हातानं पुन्हा भरवा अन् कडा मिटवून द्या, लेकरू वाट पाहून रायलं." जावई निरोप सांगताना माझ्या बायकोकडे नाही, माझ्याकडे बघत होते. म्हणजे सगळ्यांना समजलं आहे. त्या घरात, या घरात, सगळ्यांना. आता फक्त मीच उरलो आहे, अजून कुणाला काही समजलेलं नाही असं धरून बसलेला.

आज सकाळी बायकोनं मुद्दाम भाकरी टाकली. ती एरवी पोळ्याच करते. एक तुकडा वाटीत घातला, शेजारी हळद ठेवली, आणि वाटी टेबलावर आणून ठेवून गेली. जाताना म्हणाली, "दार उघडं ठेवूनच शिवा. वारा येतो. आणि त्या सुताराला बोलवा, पाय उंच करून देईल टेबलाचे." आवाजात राग नव्हता. मघाशी पुढच्या खोलीत तिचं फोनवर बोलणं ऐकू आलं, "या न इहीनबाई, घरीच आहेत ते."

तेव्हापासून मी इथं बसून हेच लिहितो आहे. झाकण उघडं आहे, मशीन वर घेतलं आहे, तुझं हिरवं लुगडं माझ्यासमोर पसरलं आहे आणि त्याची एक कडा उघडी आहे. वाटीतला तुकडा वाळायला लागला आहे. बाहेर फाटकाची कडी वाजली, विहीणबाईंचा आवाज आला, चपला काढल्याचाही. बायको म्हणते आहे, "मागच्या खोलीत आहेत, जा न तुम्ही." मी त्यांना सगळं सांगणार आहे. खरंच सांगणार आहे, माय. फक्त बायको वाटी ठेवून गेली तेव्हा मी उठून दाराला आतून कडी लावली होती, आणि ती अजून काढलेली नाही.