सत्यशीला रेजिना

२१ सप्टेंबर, सकाळ
अंगणातल्या अर्जुनाच्या झाडाच्या खालच्या फांदीवर अळी सापडली. हिरवीगार, बोटापेक्षा जाड, अंगावर चांदीचे ठिपके. अशी अळी चंद्रपुरात आजवर कोणी पाहिलेली नाही. म्हणजे मी पाहिलेली नाही. दोन्ही एकच.
कॉन्व्हेंटमध्ये नेचर स्टडीला सिस्टर मला नेहमी 'व्हेरी गुड' द्यायच्या. ओळख उद्यापर्यंत पटेल.

२२ सप्टेंबर
मोबाइलवर ॲप घेतलं. फोटो टाकला. ॲप म्हणालं, काकडी.
जवळून टाकला. ॲप म्हणालं, कोवळी काकडी.
ॲप काढून टाकलं.

२४ सप्टेंबर
शेजारची रंजीता कुंपणावरून ओरडली, "सत्यशीलाबाई, थे फांदी छाटा न जी! माह्या गाडीवर पानं पडून राह्यले." वर्षभर हेच. मी शांतपणे (आवाज रस्त्यापर्यंत गेला म्हणे) सांगितलं, की या फांदीवर विज्ञानाला अज्ञात असलेला जीव राहतो.
"अळीच हाय न? वाघ तं नाई?"
आता शांत राहणं शक्य नव्हतं. शब्द देऊन बसले: रविवारी महिला मंडळासमोर अळीचं नाव जाहीर करीन. ओळखीतली निघाली तर खुशाल फांदी काप.

२५ सप्टेंबर
लायब्ररीतून जाडजूड पुस्तक आणलं. माझी अळी त्यात नाही. (पुस्तक पक्ष्यांचं निघालं. तरीही.)
आमचे हे, देवाजी, म्हणाले, कोश करू दे, मग कळेल. वाट पाहणं म्हणजे शास्त्र नव्हे, असं मी सुनावलं.
नाव ठरवलं: सत्यशीला रेजिना. रेजिना म्हणजे राणी. शाळेतल्या प्रार्थनेतलं एवढंच लॅटिन उरलंय.

२७ सप्टेंबर
राणी खात नाही. पानं अंगाशी ओढून डोकं हलवत बसलीय. प्रसिद्धीचा ताण असावा.

२८ सप्टेंबर, दुपार
आरमोरीची कोसा रेशमाची साडी नेसले. दीक्षाभूमीच्या सोहळ्यासाठी जपलेली, पण आजचा प्रसंगही ऐतिहासिक. घेताना मी दुकानदाराला खोदून विचारलं होतं, अस्सल आहे ना? त्याने देठासकट कोसाच, म्हणजे रेशमाच्या अळीचा कोश, हातावर ठेवला, तेव्हा कुठे पैसे दिले. माझी नजर फसत नाही.

२८ सप्टेंबर, संध्याकाळ
बायका आल्या. मी बोलले. लॅटिनसुद्धा. मग फांदी खाली ओढली.
राणी नाही. तिच्या जागी, देठाला लटकलेलं, पिवळट, टणक अंड्यासारखं काहीतरी.
ते मी ओळखलं. दुर्दैवाने ताबडतोब.
रंजीताने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा पदर दोन बोटांत धरला. "बाई, तुमची राणी तं तुम्हीच नेसून राह्यल्या!"
सगळ्या हसल्या. सर्वांत मोठ्याने देवाजी.

२९ सप्टेंबर
रंजीता कोयता घेऊन आली. शब्द तो शब्द. फांदी मीच धरली. कोशाची डहाळी तेवढी तिने अलगद तोडून माझ्या हातात दिली. "आता उकळाचं न? मंग धागा निघते."
मी तिला गेटपर्यंत हाकललं. कोयता इथेच राहिला.
डहाळी स्वयंपाकघराच्या खिडकीला बांधलीय. गॅसपासून लांब.
एका साडीत किती राण्या जात असतील? दुकानदाराला हे विचारलं नव्हतं. अस्सल आहे का, एवढंच विचारलं होतं.
दीक्षाभूमीला यंदा सुती नेसणार. पक्कं ठरलं.
कोसा साडी इस्त्रीला दिलीय. नुसती असू द्यावी तयार.