सीताफळावरचे कोश

लातूर, ५ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. यांना अर्धांगवायू होऊन सव्वा वर्ष झालं. मिहिर रोज पुण्याहून फोन करतो, पण फोनवरून बापाची कूस बदलता येत नाही. तूही तिथे एकटाच आहेस. थोडे दिवस इकडे येतोस का? थकले रे.

माया आहे तशी राहू दे.
इंदू

भोकर, १० ऑगस्ट

चि. सौ. इंदूस,
अ. उ. आशीर्वाद.

येतो, पण जरा थांब. परसातल्या सीताफळावर त्या शेपटीवाल्या फुलपाखरानं अंडी घातली होती. डोंगरातल्या सीताफळांच्या बनात असतं बघ, काळ्या पंखांवर पोपटी ठिपके. फुलावर बसलं तरी पंख फडफडवतच राहतं, अगदी तुझ्यासारखं. आता पाच कोश लागलेत, पानासारखेच हिरवे. आपलं शेत बघणारा व्यंकटी म्हणतो, लई अळ्या झाल्या, फवारून टाकतो. म्हणून राखण करून राहिलोय. पाखरं उडाली की निघतो. दाजींना नमस्कार.

पाठीवर माझा हात आहे असं समज.
दादा

लातूर, १६ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न.

समजून पाठ दुखायची थांबत नाही. काल यांना वळवताना माझा हात निसटला. ते पडले नाहीत, पण मी फरशीवर बसले ती अर्धा तास उठले नाही. तू पाखरांची राखण कर.

इंदू

भोकर, २० ऑगस्ट

चि. इंदूस आशीर्वाद.

तीन पाखरं उडाली. उरलेली माझ्यावाचूनही उडतील, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तुझी कावेरीवहिनी तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिला उचलायचो, भरवायचो. ती गेली तेव्हा आधी मला हायसं वाटलं. हे कुणाला सांगितलं नाही. पुन्हा तशा खोलीत पाऊल टाकायची भीती वाटते. रागावू नकोस.

दादा

लातूर, २४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न.

तसं माझ्याही मनात येतं, आणि मग देवापुढे जायची लाज वाटते. उचलायला आता सकाळी शेजारचा बसवराज येतो. तू काही करू नकोस. दुपारी यांच्याजवळ नुसता बसून राहा. मला दोन तास झोपायचंय.

तुझी,
इंदू

भोकर, २७ ऑगस्ट

चि. इंदूस,

गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं निघतो, दुपारपर्यंत पोचेन. दार नुसतं लोटून ठेव. मी आलो तरी उठू नकोस.

दादा