बिडाचा लेथ नको

कोयनानगर

ती. आक्कास, धाकट्या तात्याबाचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? कडेगावात ऊसतोड सुरू झाली असेल, घरात माणसांचा राबता असेल, तुझं बरं आहे. (तक्रार नव्हे, नुसतं लिहिलं.) माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त जेवण जात नाही. तुझी भावजय अंबू गेल्यापासून या पत्र्याच्या खोलीत दिवसभर माझा खोकला मीच ऐकतो. तूच म्हणालीस, तात्याबा, हाताला काहीतरी चाळा लाव. तो लावला, आणि आता खोल्यांची सगळी ओळ माझ्यावर खवळली आहे.

झालं असं, की घरच्या घरी लाटणी, पाळण्याचे खुंट करावेत म्हणून लाकूड फिरवून कातायचा लेथ बघायला सांगलीला नेमिनाथशेठच्या दुकानी गेलो. तिथं एक जुना बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, चौघांनी उचलावा असा. आणि एक नवा, भाजीच्या पिशवीसारखा एका हातानं न्यावा असा. शेठ भला माणूस. म्हणाला, लेथ वजन बघून घ्यावा, हलका असला तर लाकडाआधी तोच नाचतो. पण माझ्या पेन्शनीत हलकाच बसला. (शेठनं हात जोडले. तेव्हाच समजायला हवं होतं.)

घरी आणून स्वयंपाकाच्या टेबलावर ठेवला, बाभळीचा वेडावाकडा तुकडा लावला आणि बटण दाबलं. टेबल हललं, भिंत हलली, आणि भिंतीपलीकडं रंगूबाईच्या मांडणीतली भांडी वाजायला लागली. आता आमच्या कोयनेत भांडी वाजली की का वाजली म्हणून कोणी विचारत नाही, पळतात. सगळी ओळ मैदानात. कुणाच्या हाताला कणीक, कुणाच्या तोंडाला साबण. आणि आक्का, तुला म्हणून सांगतो, सवयीनं मीही पळालो. लेथ आत चालूच! त्यामुळं भूकंप काही केल्या थांबेना. "येवढा लांबडा म्या जल्मात बघितला न्हाई," रंगूबाई म्हणाली. मीही मान डोलावली. शेवटी तिच्या सुनेच्या, समीक्षाच्या, ध्यानात आलं की घरघर माझ्या खोलीतून येते आहे.

मग जी वरात माझ्या घरात शिरली! "आवं तात्याबा, जीव घेताय का येकाद्याचा?" असं ओरडत रंगूबाईनं माझ्याच शेगडीवर चहा ठेवला, कारण तिला धाप लागली होती. शिव्या देऊन घसा कोरडा पडेपर्यंत सगळे बसले. तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच. लेथ लावला की ओळ बाहेर येते, कारण हादरा खरा की तात्याबाचा, हे बाहेर आल्याशिवाय कळत नाही. मग आत येऊन माझा उद्धार. रंगूबाई भाकरी घेऊनच येते आणि मी ती खाईपर्यंत बोलत राहते. लाटणं अजून एकही झालेलं नाही.

आता ओळीनं ठरवलंय, हलका परत देऊन बिडाचाच आणायचा. शेठ तयार आहे, वरचा खर्च ही मंडळी वर्गणी काढून भरणार, रविवारी टेम्पो येतोय. एवढी भली माणसं, त्यांना नको तरी कसं म्हणू? घरात सर्वांना यथायोग्य सांग.

तुझा
तात्याबा

ता. क. रविवारच्या आत रंगूबाईला एक फोन कर. ती तुझं ऐकेल. म्हणावं, बिडाचा लेथ आमच्या घराण्याला लाभत नाही.

पुन्हा ता. क. खरं कारण मात्र तिला सांगू नकोस. बिडाचा लेथ जागचा हलत नाही म्हणे. मग संध्याकाळी माझ्याकडं कोण कशाला येईल?