स्त्रातिस, तू वारलास

स्त्रातिस,

माणूस नश्वर आहे आणि मृत्यूपुढे कोणाचंच काही चालत नाही. तू आज सकाळी पावाच्या दुकानात वारलास.

दोष माझ्या रुमालाचा. ऑपरेशनच्या आणि भुलीच्या धक्क्यानं माझे केस गळताहेत. पुन्हा येतील म्हणतात डॉक्टर. तोवर टक्कल झाकायला आईचा काळा रुमाल बांधून पाव आणायला गेले. आपल्या गावात तो विधवाच बांधतात, हे शेजारची कलिरोई गळ्यात पडून रडली तेव्हा आठवलं.

"कसा गं गेला अचानक?"

म्हटलं, "कॉफीच्या दुकानात, बसल्या बसल्या."

खोटं काय त्यात? मी इस्पितळात होते तेव्हाही तू तिथेच होतास. माझ्या टकलावरून मित्रांना हसवलंस, तेही तिथेच.

ऑपरेशन झाल्यापासून माझा हात कोणी धरला नव्हता. आज तुझ्यापायी सगळ्या गल्लीनं धरला, म्हणून तू जिवंत आहेस हे सांगवलं नाही.

केस येईपर्यंत बहिणीकडे राहते. पुढचं पुढे.

सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून कलिरोईनं माशांचं सूप आणून ठेवलंय. तुझ्याच नावाचं आहे, पिऊन टाक. तिच्या दारात जाशील तेव्हा आधी लांबून हाक मार, आणि पातेलं घासून दे.

मरियांथी