टोपीतली अंडी

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचा पट्टा पाठवतोय, पण तो कपाटात घडी करून ठेवण्यासाठी नसतो, गुडघ्याला बांधण्यासाठी असतो, एवढं ध्यानात ठेव. जन्मभर मेट्रन म्हणून दुसऱ्यांना दटावलंस, आता स्वतःवर पाळी आली तर नखरे करतेस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायचं नाही, म्हणून माझी ही लेखणीची झीज.

आता माझ्या डोक्याला झालेला ताप ऐक. आपला तो वेस्टर्न आठवतो ना? म्हातारा शेरीफ, आटलेली विहीर, खाणावळ चालवणारी विधवा आणि पाच दरोडेखोर. त्याचा नवा अवतार काढलाय मेल्यांनी! मी म्हटलं जाऊन बघावं, हिलाही घेऊन गेलो. ताई, काय सांगू तुला. घोडे असे पळतात की त्यांना वजनच नाही. शेरीफ तीन दिवस वाळवंटातून आलेला आणि दात पांढरेशुभ्र. जुन्यात तो विहिरीत वाकून बघतो तेव्हा किती वेळ कुणी बोलत नाही, अख्खं थिएटर गप्प बसायचं. इथे तो वाकला की लगेच व्हायोलिनं सुरू. मी हिला प्रत्येक ठिकाणी सांगत होतो की मूळ सिनेमात इथे काय होतं, म्हणजे हिला निदान कळावं की आपण काय गमावतोय. मागच्या रांगेतल्या एका मुलीने मला दोनदा शुक् शुक् केलं. हल्ली लोकांना कशात रसच नाही.

आणि शेवट! मुळात शेरीफ आपली टोपी विधवेच्या ओसरीच्या कठड्यावर ठेवतो आणि काही न बोलता निघून जातो. कॅमेरा त्याच्या मागोमाग. धूळ आणि टापा, बस्स. आजही अंगावर काटा येतो. आणि या दीडशहाण्यांनी काय केलं असेल? शेरीफ गेला, आणि कॅमेरा बाईपाशीच थांबला! ती टोपी उचलते, झटकते, परसात जाते आणि कोंबड्यांची अंडी गोळा करून त्या टोपीत ठेवते. संपला सिनेमा. अरे, नायक तिकडे निघून गेला आणि आम्ही इथे अंडी बघत बसलोय!

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचा डेंटिस्ट चहाला आला होता. तो म्हणतो नवा चांगला आहे, आवाज स्वच्छ आहे. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला ठणकावून सांगितलं, की एकदा जमून आलेली गोष्ट पुन्हा जमवायला जाऊ नये, दुसऱ्या खेपेला नुसती नक्कल उरते, आणि ज्याने पहिलं पाहिलंय त्याचं दुसऱ्यावर मन बसूच शकत नाही. ही तेव्हा कपात चहा ओतत होती. डेंटिस्ट एकदम खाली मान घालून बशीत बघायला लागला. हरला, दुसरं काय.

ही परवा भावाकडे गेली. त्याची बेकरी रंगवायला काढलीय म्हणे. किती दिवस ते सांगितलं नाही, बॅग मात्र मोठी नेली. बॉयलर कसा पेटवायचा ते तुला माहीत आहे का? मी तीनदा प्रयत्न केला, भुवया थोडक्यात वाचल्या.

पट्टा बांधशील तर लोभ वाढेल, नाहीतर आहे तेवढाच राहील.

तुझा,
बाळ

—

ता. ९ मार्च

चि. बाळास,
अ. उ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिलेत. मनात काय आलं ते पोस्टमनच्या हातात देण्यासारखं नाही.

अरे गाढवा, तू काय लिहिलंयस ते तू तरी वाचलंस का? तुझं पहिलं लग्न झालं, ती गुणाची पोर अकाली गेली, आम्ही सगळेच रडलो. चार वर्षं तू भुतासारखा राहिलास. मग ही आली, तुझं घर तिने माणसात आणलं. आणि तिच्यासमोर, तिच्याच हातचा चहा पीत, तू म्हणतोस की दुसऱ्या खेपेला नुसती नक्कल उरते? पहिलं पाहिलेल्याचं दुसऱ्यावर मन बसत नाही? डेंटिस्ट हरला नाही रे, लाजला. त्या परक्या माणसाला कळलं आणि तुला कळलं नाही.

तुझ्या दिवाणखान्यातली ती रुंद काठाची टोपीही सांगू का तुला? तो सिनेमा तू पहिलीबरोबर पाहिलास, थिएटरबाहेरच्या गाडीवरून दोघांनी हसत हसत टोपी घेतलीत, हे आम्हां सगळ्यांना तोंडपाठ आहे. ही घरात आल्याला आठ वर्षं झाली, तरी ती दारामागच्या खुंटीवर तशीच आहे. मी आले की बघते, ही सगळं पुसते, आरसा पुसते, खुंटीसुद्धा पुसते, आणि टोपीला बोट लावत नाही. तुमच्या मजल्यावरचे लोक तर हिला अजून नवी बायकोच म्हणतात.

दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसून लोकांना विचारतोस, ही काच बरी की ती. तीच सवय घरी आणलीस. आता मुकाट्याने बेकरीत जा आणि माफी माग. बॉयलरचं मला विचारू नकोस, ज्या बाईने तो आठ वर्षं पेटवला तिला विचार.

पट्टा मिळाला. घट्ट आहे. तुझी अक्कल आहे सैल, म्हणजे दोन्हींचा मेळ बसला.

शहाणा झालास तर लोभ असेलच.

ताई

—

ता. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या सल्ल्याने माझं वाटोळं झालं, हे आधी कळवतो.

मी सिनेमाबद्दल बोलत होतो! सिनेमाबद्दल! माणसाने आता आपल्या घरात सिनेमाबद्दलही बोलू नये का? पण तुझं पत्र वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही हे खरं. सकाळी दुकान बंद ठेवून बेकरी गाठली. ही शिडीवर उभी राहून खिडकीच्या चौकटी रंगवत होती. नाकावर हिरवा ठिपका. खाली माझा मेहुणा पिठात हात घालून उभा, त्याची बायको गल्ल्यावर, आणि पावाला आलेली चारपाच माणसं. मी सगळ्यांसमोर, लाजलज्जा सोडून, वर बघून सांगितलं की तू नक्कल नाहीस. तू दुसऱ्या खेपेची नाहीस. म्हणजे आहेस, पण तशी नाहीस.

गिऱ्हाईकं पाव विसरून बघत राहिली. हिने ब्रश डब्यात ठेवला आणि विचारलं की हे तुमचं डोकं की ताईंचं? मी खरं ते सांगितलं. त्यावर म्हणाली की तुम्हांलाही कळलं नाही आणि ताईंनाही कळलं नाही, तेव्हा दोघांनी बसून आधी विचार करा, मला चौकटी संपवायच्या आहेत. आणि पुन्हा रंगवायला लागली! मी तिथे खांबासारखा उभा. मेहुण्याने मला एक पाव हातात दिला, पैसेही घेतले नाहीत. इतकी कीव कुणी माझी आजवर केली नव्हती.

निघताना त्याची बायको हळूच म्हणाली की रंगकाम संपल्यावर हिने गल्ला सांभाळायला इथेच राहावं असं त्यांच्यात बोलणं चाललंय, मागची खोलीही रिकामी केलीय, महिनाअखेर काय ते ठरेल. ताई, मला वाटलं होतं ही चार दिवसांनी येईल. मागची खोली मी बघितली. हिने तिथे पडदासुद्धा लावलाय.

घरात आलो की मी दिवे लावतो आणि कुणालाही हाक मारत नाही, हे मला काल कळलं. मला ती हवी आहे. काय चुकलं ते कुणीतरी सरळ भाषेत सांगा, मी हात टेकले.

लोभ राहू दे, सध्या दुसरं काही शिल्लक नाही.

बाळ

—

ता. २१ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. ह्यांच्या वतीने तुम्ही माफी मागितलीत, ते वाचून मला संकोच वाटला. तुम्ही कशाला मागता? पट्टा मात्र रोज बांधत जा. पहिल्या आठवड्यात घट्ट वाटतो, मग सवय होते.

ताई, स्पष्टच लिहिते. ह्यांच्या त्या बोलण्याने मला लागलं असेल असं तुम्हांला वाटलं, पण तसं नाही. डेंटिस्ट बिचारा उगाच लाजला. पहिल्या ताईंशी माझं काही भांडण नाही. त्यांचा फोटो मीच दिवाणखान्यात उजेडाच्या जागी लावला, आधी तो कपाटामागे होता. ह्यांनी त्यांना विसरावं असं मला कधीच वाटलं नाही.

मला राग आला तो थिएटरात. सिनेमाभर हे माझ्या कानात कुजबुजत होते. मूळ सिनेमात शेरीफ असा वाकतो, मूळ सिनेमात घोडा तांबडा होता, तू तो पाहिला नाहीस म्हणून तुला कळणार नाही. ताई, तो सिनेमा मी पाहिलाय! माझे वडील थिएटरात दारावर तिकिटं फाडायचे. आई कामाला जायची, म्हणून शाळा सुटली की मी त्यांच्यापाशी जायची. दाराच्या पडद्याच्या आडोशाला माझं स्टूल असायचं. तो सिनेमा महिनोन्‌महिने चालला आणि मी तो रोज पाहिला. घोडा तांबडा नव्हता, काळा होता, आणि एका डोळ्याच्या वर पांढरा डाग होता. कदाचित ह्यांनी आणि पहिल्या ताईंनी तिकीट काढलं तेव्हा ते माझ्या वडिलांनीच फाडलं असेल, कारण थिएटर तेच.

हे ह्यांना का नाही सांगितलं असं तुम्ही म्हणाल. लग्नानंतर पहिल्यांदा विषय निघाला तेव्हा मी सांगायला तोंड उघडलं होतं. हे म्हणाले थांब, मी तुला सगळी गोष्ट सांगतो, आणि सांगितली. नंतर दर वर्षी सांगितली. दुकानात आलेल्या कुणाही अनोळखी माणसाला हे खुर्चीत बसवून विचारतात की तुला काय दिसतं ते सांग. मला आठ वर्षांत एकदाही विचारलं नाही. ह्यांना वाटतं की मी त्यांच्या घरात आले तेव्हापासूनच माझी गोष्ट सुरू झाली.

आणि ती अंडी. लहानपणी मी रोज वडिलांना विचारायची की शेरीफ गेल्यावर त्या बाईने टोपीचं काय केलं? ते म्हणायचे सिनेमा संपला, स्टूल आत घे. मला तर शेरीफपेक्षा तिचीच काळजी वाटायची. पाच दरोडेखोरांनी तिची खाणावळ फोडलेली, विहीर कोरडी, आणि हा बाबा टोपी ठेवून चालता झाला! नव्या सिनेमात बाकी सगळं फिकं आहे, ह्यांचं म्हणणं खरं आहे. व्हायोलिनांनी डोकं उठलं. जुन्याची सर त्याला नाही. पण तो कॅमेरा तिच्यापाशी थांबला, आणि मला इतक्या वर्षांनी उत्तर मिळालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ताई. तेवढ्यात हे मोठ्याने म्हणाले की काय मूर्खपणा आहे.

बेकरीत मला कुणी कशाचा शेवट समजावून सांगत नाही. इथे राहावं असं अर्धं मन म्हणतं. उरलेलं अर्धं मन घरी आहे, हेही लपवत नाही. बॉयलरच्या बाजूची कळ आधी दाबून धरायची असते, तेवढं ह्यांना कळवा. भुवया ह्यांना शोभतात.

तुमचा लोभ माझ्यावर वेगळा असावा, ह्यांच्या खात्यातला नको.

तुमची,
भावजय

—

ता. २४ मार्च

चि. बाळास,
अ. उ. आ.

सोबत तिचं पत्र पाठवते आहे. तिला विचारून पाठवते आहे, चोरून नव्हे. दोनदा वाच. मी तीनदा वाचलं आणि मग कानातलं यंत्र शोधायला कपाट उघडलं.

घोडा काळा होता.

तो सिनेमा अजून चालू असेल तर तिला घेऊन जा आणि तोंडाला कुलूप घाल. एक अक्षर बोललास तर मी स्वतः लंगडत येईन.

ताई

—

ता. ३१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो होतो. सिनेमा आता फक्त दुपारी लागतो, थिएटरात आम्ही धरून नऊ माणसं. मी एक शब्द बोललो नाही. विहिरीपाशी व्हायोलिनं वाजली तेव्हा खुर्चीचा हात गच्च धरला. हिने एकदा वळून माझ्याकडे बघितलं, मला वाटतं मी जिवंत आहे का ते बघितलं असावं.

शेवटी मी पडद्याकडे बघितलंच नाही. हिच्याकडे बघत होतो. ती बाई अंडी उचलत होती आणि ही मान किंचित पुढे काढून बघत होती, लहान मूल दाराच्या फटीतून बघतं तशी. ताई, मी रोज लोकांचे डोळे तपासतो. हिचे असे कधी बघितले नव्हते.

बाहेर आल्यावर विचारलं, की तुझं स्टूल कुठे असायचं? बस स्टॉपवर उभे होतो. बस आली, गेली, दुसरीही गेली. मग आम्ही चालत निघालो आणि ही बोलत होती. तिचे वडील तिकिटाचा अर्धा तुकडा कसा परत द्यायचे, पाऊस आला की छपरावरच्या आवाजात बंदुका ऐकू यायच्या नाहीत, सगळं. घोड्याचा पांढरा डाग डाव्या डोळ्यावर होता. मी वाद घातला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला मूळ सिनेमा कुणीतरी सांगत होतं, आणि खरं सांगू? मी पाहिला होता त्यापेक्षा तो चांगला होता.

नव्याला जुन्याची सर नाही यावर आमचं एकमत झालं. शेवट सोडून, असं ही म्हणाली. माझं मत मी विचार करून कळवीन म्हटलं. तेवढा मान मला राहू दे.

बेकरीत जाऊन बॅग आणली. पडदा तिथेच ठेवला आहे, भावाकडे गेलं की लागतो म्हणाली.

आज सकाळी बॉयलर कळ दाबून पेटवला आणि अंघोळ करून दिवाणखान्यात आलो, तर दारामागची खुंटी रिकामी. खुंटीवर हात फिरवून पाहिला, खोटं कशाला बोलू. गॅलरीत गेलो. ही ओले कपडे वाळत घालत होती, आणि टोपी कठड्यावर उलटी ठेवलेली, त्यात कपड्यांचे चिमटे. हिने हात पुढे केला आणि मी टोपीतून एकेक चिमटा काढून देत राहिलो. ताई, चिमटे तिच्यात अगदी बरोबर मावतात.

कानात यंत्र घातलंस असं ऐकतो. मग आता फोन कर. माझ्याशी नव्हे, हिच्याशी बोल, आणि लोभाचा हिचा वाटा हिला वेगळा दे.

तुझा,
बाळ