नवलसिंग मास्तरांचा फोनो

खांडबारा, ५ नोव्हेंबर १९३७
नवापूरच्या बाजारात म्हैस विकली. मुंबईहून फोनो, म्हणजे रेकॉर्डवरची गाणी वाजवणारं मशीन, मागवला. गुलाब गोठ्याच्या दारात उभी राहून रडली. जनावरापायी रडणारी बायको! मी शाळामास्तर, गावाला सुधारणा दाखवणं माझं कामच. यापुढे वर्षभर एकही वस्तू घ्यायची नाही. ठरलं.

१२ नोव्हेंबर
शेजारची बुधीबाई ताकाला आली. म्हैस गेली म्हटल्यावर भांडं पदराखाली झाकून निघून गेली. तिच्या परसातली भाजीही आज आली नाही. फुकटे लोक. संताप आला.

१९ नोव्हेंबर
स्टेशनवरून पार्सल आणलं. फोनो जमिनीवर शोभत नाही, म्हणून टेबल. टेबलापाशी खुर्च्या. खुर्च्यांखाली सतरंजी. या वस्तू मोजायच्या नाहीत. फोनोचेच भाग.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ
अख्खी आळी ओट्यावर लोटली. एकाने कर्ण्यात हात घातला. दुसरा मातीच्या पायांनी सतरंजीवर! डोकं फिरलं. सगळ्यांना खाली अंगणात बसवलं. इसहाक सुतार दहा वर्षं माझ्या ओट्यावर ढोलकी घेऊन गातो. आज रेकॉर्डबरोबर गुणगुणायला लागला. त्याला म्हटलं, आता मशीन गातंय, तुझं केकाटणं बंद कर. गमतीत म्हटलं. कोणी हसलं नाही. विनोद कळायला शिक्षण लागतं.

३० नोव्हेंबर
नऊ दिवस ओट्यावर चिटपाखरू नाही. जळतात मेले! दोन दिवसांत माफी मागत येतील. आलेल्यांना चहा द्यावा लागेल. कपबश्यांचा सेट मागवला.

४ डिसेंबर
सगळे इसहाकच्या अंगणात जमतात. ढोलकी इथवर ऐकू येते. गुलाबही तिकडे जाते. म्हणते, बुधीबाईला धान्य पाखडू लागते. रोज एवढं धान्य कुठून येतं, देव जाणे. सेट फोडावासा वाटला. फोडला नाही. महाग आहे.

११ डिसेंबर, संध्याकाळी सहा
मन मोठं केलं. फोनो स्वतः उचलून इसहाककडे नेला. तो उठून उभा राहिला. शांतपणे म्हणाला, "मास्तर, या, बठा. पन ते मशीन घर ठेईसन या."
मशीन घरी ठेवून या म्हणे मला! भर अंगणात! तसाच परत फिरलो. मोठ्या आवाजाची सुई लावली, चावी पूर्ण भरली. ऐका म्हणावं.

सात वाजता
शेवटची रेकॉर्ड संपली. तिकडून एका बाईचं गाणं येत होतं. आवाज गोड, स्वच्छ. कोण ते ओळखेना. ओट्याच्या कडेशी जाऊन उभा राहिलो. गाणं थांबलं, तशी बुधीबाई म्हणाली, "गुलाब, आजून एक म्हन."
बारा वर्षं संसार झाला. ती गाते, हे मला आज कळलं.