ताईंचं सीरम

४ मार्च
आज रुजू झालो. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतलं ऊन थेट माझ्या टेबलावर येतं. सहा महिने बायकोच्या पगारावर जेवलो, आता मान वर करून जेवेन. साहेब मोजकं बोलतात. साफसफाईच्या मावशींनी माझा चहाचा कप ठरवून दिला आणि बजावलं, तो रक्ताच्या नळ्यांशेजारी दिसला तर माझी खैर नाही.

७ मार्च
माझ्याआधी या खुर्चीवर ताई होत्या. गेल्या वर्षी नमुन्याची नळी फुटून हात कापला, जंतू रक्तात गेले, आठव्या दिवशी त्या वारल्या. आजारपणात रोज काढलेल्या त्यांच्या रक्ताचं सीरम फ्रीझरमध्ये आहे, आठ नळ्या. जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडी त्यात रोज किती वाढल्या, यावर साहेबांचा शोधनिबंध. मी फक्त आकडे पडताळायचे.

११ मार्च
आठव्या नळीचा आकडा नोंदवहीतल्यापेक्षा दुप्पट. माणूस गेल्यावर नळीतल्या अँटिबॉडी वाढत नसतात. साहेब म्हणाले, हात नवा आहे, बसेल.

१४ मार्च
आज चौपट. तीनदा केलं.
मावशींना विचारलं. त्यांनी आधी दार लावलं. मग म्हणाल्या, औषध कपाटातच होतं. साहेबांनी तीन दिवस देऊ दिलं नाही. औषधाविना अँटिबॉडी कशा चढतात ते त्यांना बघायचं होतं. ताईंना हे कळलं तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, माझं रक्त ठेवलंय ना त्यांनी, ते बघून घेईल.

१७ मार्च
साहेबांनी नोंदवही पुढे सरकवली. आकडे जुनेच लिहायचे, आणि औषध पहिल्याच दिवशी दिलं अशी नोंद करायची. नोकरी कायम करतो म्हणाले. बायकोला सातवा महिना लागलाय. लिहिलं. सही केली.

१९ मार्च
साहेबांना ताप. रक्त माझ्याकडेच आलं. जंतू एकही नाही, तरी प्लेटलेट्स दीड लाखाच्या जागी वीस हजारांवर आलेल्या. राहवलं नाही. काचपट्टीवर त्यांच्या रक्ताचा थेंब घेतला, त्यात ताईंचं सीरम. प्लेटलेट्स एकमेकींवर तुटून पडल्या, जखम बुजवायला धावतात तशा. जखम नव्हती.
मावशींच्या रक्ताला काहीच झालं नाही. माझं तपासलं नाही.

२० मार्च
साहेब गेले, भर दुपारी. अंगभर जांभळे डाग. माझा हात धरून म्हणत होते, नोंद बदल. हो म्हटलं. बदलली नाही — नोकरी कायम झाल्याचं घरी सांगून बसलो होतो.

२१ मार्च, सकाळ
दंडावर लाल ठिपके. प्लेटलेट्स एक लाख. दाढी करताना कापलं, ते अजून —

दुपार
चाळीस हजार. नोंदवही साहेबांच्या कपाटात, कुलूप. मावशी म्हणाल्या, मग ही तुझी रोजनिशी दे, ताईंच्या वडिलांना पोचवते. पण आधी खरं लिही.
लिहितोय. नाकातून — पान भिजतंय —
ताईंना पहिल्या दिवशी औषध दिलं नाही. तीन दिवस दिलं नाही. चौदा तारखेला मला कळलं. सतराला मी खोटं लिहिलं. सांगणारे साहेब, लिहिणारा मी. सही माझी. माझं नाव